पंडिता रमाबाईंना लेखिका म्हणून वाचायचे असल्यास प्रारंभ कोणत्या पुस्तकापासून करावा?

नौपाड्याची वाचक, ठाणे

नमस्कार. नौपाड्यात आमचे बारा-तेरा जणींचे एक वाचन मंडळ आहे. महिन्यातून एकदा आम्ही कोणाच्या तरी घरी जमतो, एक जण चाळीस मिनिटे बोलते आणि मग चहापोह्यांबरोबर तिची उलटतपासणी होते. पुढील बैठकीसाठी ‘अनेक संस्कृतींमध्ये घडलेली भारतीय लेखिका’ असा विषय ठरला असून बोलण्याची पाळी माझी आहे. बहुतेकींच्या डोळ्यांसमोर इंग्रजीत लिहिणाऱ्या आणि परदेशी स्थायिक झालेल्या लेखिका होत्या. मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले, तेव्हा मंडळातील सर्वांत ज्येष्ठ सभासद, ज्यांनी तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, त्या शांतपणे म्हणाल्या, “अगं, बाई थोर होत्या याबद्दल वाद नाही, पण त्या सुधारक. लेखिका म्हणतेस, तर त्यांचे एखादे पान तरी चवीने वाचले आहेस का?” प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे होते, म्हणून येथे विचारत आहे.

त्यांचे चरित्र मला साधारण ठाऊक आहे. १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात जन्म. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून समाजाचा रोष पत्करलेले अनंतशास्त्री डोंगरे हे वडील आणि तेच संस्कृत मुलीला शिकवणाऱ्या लक्ष्मीबाई ही आई. पुराणे सांगत तीर्थातून तीर्थात हिंडण्यात गेलेले बालपण. १८७६-७७ च्या दुष्काळात आईवडील आणि बहीण यांचा मृत्यू. भाऊ श्रीनिवास याच्यासह १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्यावर तेथील विद्वानांनी दिलेल्या ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह आणि दोन वर्षांच्या आतच वैधव्य. पुढे पुणे, इंग्लंड, ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, अमेरिका, विधवांसाठीचे शारदा सदन आणि निराधार स्त्रियांचा आश्रम असलेले केडगावचे मुक्ती मिशन. एवढे सांगायला पंधरा मिनिटे पुरतील. उरलेल्या पंचवीस मिनिटांत मला त्यांच्या वाक्यांविषयी बोलायचे आहे.

त्यांचे कोणते पुस्तक आजच्या वाचकाने आधी हाती घ्यावे? आणि ज्या बाईचे बालपण कोणत्याही एका गावात गेले नाही, तिच्या मराठीवर त्या भटकंतीचा काही ठसा दिसतो का? इंग्रजी पुस्तकांचे उल्लेख चालतील, पण बैठकीत वाचून दाखवता येईल असा मराठी मजकूर मिळाल्यास अधिक बरे.

कल्याणकर

ताई, आपल्या ज्येष्ठ सभासदांनी विचारले ते योग्यच विचारले. रमाबाईंविषयी आपण जेवढे बोलतो, त्याच्या शतांशही त्यांचे वाचत नाही.

माझे उत्तर एकच आहे: ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. हे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले. मी ते मुळात हाती घेतले ते डॉ. आनंदीबाई जोशींसाठी. आम्हा कल्याणच्या मंडळींना आनंदीबाईंचा अभिमान अंमळ जास्तच. त्यांचा जन्म १८६५ मध्ये येथलाच आणि त्यांचे यजमान गोपाळराव येथल्याच टपाल कचेरीत नोकरीला होते. आनंदीबाई मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि त्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून लहान मुलीला घेऊन तेथे गेल्या. दोघींचे दूरचे नातेही होते. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्या मुदतीत आनंदीबाई मायदेशी परतून फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्यासुद्धा. मी आनंदीबाईंचा शोध घेत गेलो आणि रमाबाईंपाशीच अडकलो.

हे पुस्तक सुटे वाचू नये, असे मात्र सुचवतो. त्याच्या दोन वर्षे आधी, १८८७ मध्ये, रमाबाईंनी फिलाडेल्फियात ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले होते. आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. हिंदू घरातील मुलीचे बालपण, तिचा संसार आणि तिचे वैधव्य यांची हकिकत अमेरिकन वाचकांना सांगून विधवांच्या शाळेसाठी मदत मिळवणे, हा त्या पुस्तकाचा उघड हेतू होता आणि तो सफलही झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या खर्चाची हमी मिळाली. मायदेशी परतल्यावर मात्र त्यांनी मराठीत जे लिहिले, ते बरोबर उलट दिशेचे होते. तेथे आपल्या घराची हकिकत परक्यांना सांगितली, येथे परक्यांच्या घराची हकिकत आपल्या माणसांना. एकाच लेखणीने दोन वर्षांच्या अंतराने दोन भाषांत दोन निरनिराळ्या वाचकांसाठी केलेली ही कामगिरी आहे आणि दोन्ही ठिकाणी आवाज वेगळा लागतो. इंग्रजी पुस्तकात त्या वकिलासारख्या पुराव्यामागून पुरावा मांडत जातात, तर मराठी पुस्तकात त्या मैफिलीत बसून गोष्ट सांगतात आणि मध्येच एखादी कोपरखळी मारतात.

लिव्हरपूलहून फिलाडेल्फियापर्यंतचा बोटीचा प्रवास, नंतर राज्यव्यवस्था, लोकांची राहणी, शिक्षण, धर्मपंथ आणि धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती असा पुस्तकाचा पसारा आहे. राज्यव्यवस्थेचे प्रकरण कंटाळवाणे आहे. मी ते वाचताना दोनदा झोपलो, हे कबूल करतो. मात्र याच प्रकरणांविषयी मीरा कोसंबी यांनी जे दाखवून दिले आहे, ते ध्यानात ठेवून वाचल्यास झोप उडते. (कोसंबी यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २००३ मध्ये प्रसिद्ध केला.) अमेरिका हीसुद्धा एके काळी इंग्रजांचीच वसाहत होती आणि तिने ते जू झुगारून दिले, ही गोष्ट १८८९ सालच्या मराठी वाचकाला इतक्या तपशिलाने का सांगितली असेल, असा प्रश्न एकदा मनात आला, की कोरडी वाटणारी ती पानेही बोलू लागतात.

शिवाय हे आंधळे कौतुक नव्हे. अमेरिकन स्त्रियांच्या संस्था, त्यांच्या सभा, त्यांच्या शाळा यांनी रमाबाई भारावून गेल्या होत्या, तरी तेथील मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय आणि काळ्या लोकांना मिळणारी वागणूक त्यांनी लपवली नाही. जातिभेद जवळून भोगलेल्या बाईला वर्णभेद ओळखायला वेळ लागला नसावा. आपण विचारलेला भटकंतीचा ठसा मला येथे दिसतो. लहानपणापासून प्रत्येक गावात पाहुणी म्हणून राहिलेल्या माणसाला यजमानाचे घर नीट न्याहाळण्याची सवय लागते. त्याचा पाहुणचार तो घेतो आणि भिंतीवरची ओलही त्याला दिसते.

खाडीपलीकडची, नेरूळ

मला थोडे वेगळे सुचवावेसे वाटते आणि त्याचा राग नसावा. आपला विषय ‘अनेक संस्कृतींमध्ये घडलेली लेखिका’ असा आहे आणि मंडळातील इतर जणींनी इंग्रजीत लिहिणाऱ्यांची नावे घेतली, म्हणून ती लगेच बाजूला सारण्याचे कारण नाही. अनिता देसाईंचा विचार अवश्य करावा. १९३७ मध्ये मसुरीला जन्म, आई जर्मन, वडील बंगाली, बालपण जुन्या दिल्लीत, घरात जर्मन, गल्लीत हिंदी-उर्दू आणि शाळेत लिहायला-वाचायला इंग्रजी. एका व्यक्तीत इतके काही एकत्र आलेले दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. जर्मनीतून परागंदा होऊन मुंबईत आयुष्य काढणाऱ्या ज्यू माणसाची कादंबरी त्या लिहू शकल्या, याचे मूळ त्या घरात आहे.

आम्हा नवी मुंबईकरांना त्या आणखी एका कारणाने जवळच्या वाटतात. त्यांची ‘द व्हिलेज बाय द सी’ ही १९८२ सालची मुलांसाठीची कादंबरी अलिबागजवळच्या थळ गावात घडते. खतकारखान्यासाठी किनाऱ्यावरची जमीन जाणार, या धास्तीने मोर्च्याबरोबर मुंबईला गेलेला हरी आणि मागे घर सांभाळणारी त्याची बहीण लीला यांची ती गोष्ट आहे. तिला १९८३ मध्ये गार्डियन वृत्तपत्राचा बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. माझे आजोळ त्याच किनाऱ्यावरचे असल्याने मी ती वाचताना एकीकडे सुखावले आणि दुसरीकडे खटकत राहिले, कारण ती माणसे इंग्रजीत बोलतात तेव्हा त्यांच्या तोंडची आगरी-कोळी बोली मला आपल्या मनाने भरून काढावी लागते. तरीही किनाऱ्यावरचे गाव आतून पालटत जाताना इतक्या मायेने पाहिलेले मी फारसे वाचलेले नाही.

रमाबाईंना मी कमी लेखत नाही. त्यांच्या लेखनामागे नेहमी एखादे कार्य उभे असते आणि देसाईंच्या लेखनामागे तसे काही नसते, हा फरक आपल्या ज्येष्ठ सभासदांना अभिप्रेत असावा, एवढेच.

चरईतील जुना भाडेकरू

कार्यासाठी लिहिले म्हणून लेखन बाद ठरवायचे, तर एकोणिसाव्या शतकातील निम्मे मराठी गद्य माळ्यावर टाकावे लागेल.

कल्याणकरांशी मात्र माझा मतभेद आहे. प्रारंभ अमेरिकेपासून नको, १८८२ सालच्या ‘स्त्रीधर्मनीति’पासून करावा आणि ते पुस्तक आवडणार नाही याची तयारी ठेवूनच करावा. रमाबाई पुण्यात आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, पती नुकतेच वारले होते, कडेवर मूल होते आणि महाराष्ट्राशी त्यांचा सलग असा संबंध पहिल्यांदाच येत होता. त्या वेळचे त्यांचे मराठी संस्कृताच्या ओझ्याने वाकलेले आहे आणि उपदेश तर पानोपानी आहे. स्त्रियांच्या दुर्दशेचा बराचसा दोष त्या स्त्रियांच्याच अज्ञानावर आणि आळसावर ठेवतात. गंमत अशी, की त्याच वर्षी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध झाले, ज्यात सगळा राग पुरुषांवर आहे आणि भाषा चुलीपुढून उठून आल्यासारखी रोखठोक आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली असता ताराबाई सरस लेखिका वाटतात, हे मी स्पष्टच सांगतो.

पण म्हणूनच तेथून प्रारंभ करावा. सात वर्षांनंतरचे अमेरिकेवरचे पुस्तक उघडले, की तीच बाई मोकळ्या गळ्याने बोलताना ऐकू येते आणि मधल्या काळात काय घडले असावे, याचे कुतूहल आपोआप वाढते. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासखर्चाला हातभार लागला, म्हणजे त्या अवघड मराठीनेच त्यांना तिच्या बाहेर नेले, असेही म्हणता येईल.

निवृत्त कारकून, खारघर

चर्चा वाचून आनंद झाला. मी बँकेतून निवृत्त झालो असून हौसेने भाषांतरे करतो, त्यामुळे माझे लक्ष रमाबाईंच्या ज्या ग्रंथाकडे जाते, त्याचा उल्लेख येथे अद्याप कोणी केलेला नाही. तो म्हणजे त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर.

त्याआधी एक प्रसंग सांगतो, कारण त्यावाचून भाषांतराचे मोल कळणार नाही. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला वाँटेज येथील मठवासिनींकडे राहिल्या. वैद्यक शिकण्याचा त्यांचा मानस होता, पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो मार्ग बंद झाला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत असतानाच संस्कृत शिकवूही लागल्या. या काळातील त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला आहे. त्यात सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या धर्ममातेशी झालेला एक वाद आहे. गळ्यात घालण्याच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी तो नाकारला. अक्षरे हवीच असतील तर ती संस्कृत असावीत, असे त्यांनी कळवले आणि लॅटिनमध्ये असे काय आहे जे आमच्या प्राचीन संस्कृतात नाही, असा प्रतिप्रश्न केला. धर्म बदलला, पण मांसाहार केला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याची चर्चा बिशपांनी केली, तेव्हा त्यावरही त्या परखडपणे उलटून बोलल्या. आश्रयदात्याच्या घरी राहून, त्याचीच नव्याने शिकलेली भाषा वापरून त्याच्याशी भांडण्याची ही कला मला त्या पत्रांत सर्वांत जास्त भावते. इंग्रजी वाचणाऱ्या सभासदांना या पत्रांसारखे दुसरे काही देऊ नये.

आता भाषांतराकडे येतो. उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून घेतल्या, मराठी वाचकांसाठी हिब्रूचे व्याकरण तयार केले आणि मूळ ग्रंथावरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते केडगावच्या छापखान्यात आश्रमातील स्त्रियांनीच छापले. कन्या मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. अखेरच्या दिवसांपर्यंत हे काम त्यांच्या हातात होते. समग्र ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. मराठी बायबल त्यापूर्वीही उपलब्ध होते. पण त्यातील संस्कृतप्रचुर शब्द केडगावच्या खेडवळ मुलींना कळत नाहीत आणि त्या शब्दांबरोबर जुन्या तत्त्वज्ञानाचे अर्थही गुपचूप आत येतात, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी असे शब्द निवडून दूर ठेवले.

ज्या बाईला संस्कृतातील प्रावीण्यासाठी कलकत्त्याने ‘सरस्वती’ म्हटले आणि जिने वाँटेजमध्ये लॅटिनपुढे संस्कृताची बाजू लढवली, तिनेच वीस-पंचवीस वर्षांनंतर मराठीतून संस्कृत वेचून बाहेर काढले. यात विसंगती आहे, असे मला वाटत नाही. तेथे समोर इंग्रज सिस्टर होती आणि येथे दुष्काळातून आणलेली, अक्षरे नुकतीच गिरवू लागलेली मुलगी होती. दोन्ही वेळा ऐकणारे माणूस कोण आहे, यावरून त्यांनी भाषा ठरवली. कल्याणकरांनी दोन पुस्तकांच्या जोडीविषयी जे लिहिले आहे, तेच मला येथेही दिसते.

आता दुसरी बाजू. नोकरीत असताना माझी काही वर्षे नगरला बदली होती आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे हे भाषांतर मला पाहायला मिळाले. ते वाचायला सोपे नाही. शब्द साधे आहेत, पण मूळ वाक्याची ठेवण जशीच्या तशी जपण्याच्या हट्टामुळे मराठी वाक्य जागोजागी लंगडते. साध्या शब्दांचे अवघड वाक्य कसे होते, हे पाहायचे असल्यास यापरते उदाहरण नाही. त्या घरातील आजी रोज ते वाचत आणि मोठ्याने वाचत. मला अडखळायला होई, त्यांना होत नसे.

खाडीपलीकडची, नेरूळ

क्रूसाचा प्रसंग मला ठाऊक नव्हता. माझे मत मी पूर्णपणे मागे घेत नाही, पण ती पत्रे मिळवून वाचेन.

नौपाड्याची वाचक, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. इतक्या विस्ताराने उत्तरे येतील अशी अपेक्षा नव्हती.

काल संध्याकाळी तलावपाळीवर फिरताना आमच्या ज्येष्ठ सभासद भेटल्या. मी त्यांना लॅटिन अक्षरांचा वाद सांगितला. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “हे तिने इंग्रजीत लिहिले ना? मराठीत काय लिहिले ते आण, मग बघू.” एकूण परीक्षा अजून संपलेली नाही. खारघरच्या काकांनी बायबलविषयी लिहिलेले मात्र त्यांना लगेच पटले. शाळेत मुलांना कळेल असे बोलायचे म्हणून आपणही सगळे साहित्यिक शब्द विसरून गेलो, असे त्या हसत म्हणाल्या.

नेरूळच्या ताईंनी सुचवलेल्या अनिता देसाईंसाठी पुढचा महिना राखून ठेवला आहे आणि थळची कादंबरी मंडळातील दोघींनी मागवलीसुद्धा. चरईच्या दादांचा क्रम मी स्वीकारला आहे: आधी ‘स्त्रीधर्मनीति’तील एक उपदेशाचे पान, कोणतीही प्रस्तावना न करता, आणि लगेच अमेरिकेच्या पुस्तकातील एक पान. ताराबाईंचाही एक परिच्छेद मध्ये ठेवण्याचा मोह होत आहे, पण मग रमाबाई बाजूला राहतील आणि सगळी बैठक ताराबाईच जिंकतील, अशी भीती वाटते.

१९९६ चे पुनर्मुद्रण येथील एका ग्रंथालयात मिळाले. पाने पिवळी पडली असून मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर अवघे चार शिक्के आहेत. कल्याणकर, बैठकीत मोठ्याने वाचायला दहा मिनिटेच मिळणार आहेत. बोटीचा प्रवास घ्यावा की स्त्रियांचे प्रकरण?

कल्याणकर

बोट. स्त्रियांच्या प्रकरणात आपल्या मंडळात वाद सुरू होईल आणि वाचन तेथेच थांबेल. बोटीवर समुद्राशिवाय भांडायला कोणी नाही.